कॅल्विनच्या वाटेने: जिनिव्हा ते स्टाप्होर्स्ट

कॅल्विनवाद ही सोळाव्या शतकातल्या युरोपीय धर्मसुधारणेतून उभी राहिलेली ख्रिस्ती विचारधारा आहे. जाँ कॅल्विन (१५०९–१५६४) या फ्रेंच धर्मचिंतकावरून तिला हे नाव पडले. कोणाचे तारण व्हायचे हे ईश्वराने आधीच ठरवलेले आहे, असे सांगणारा पूर्वनियतीचा सिद्धान्त म्हणजेच कॅल्विनवाद, अशी तिची ओळख बहुधा करून दिली जाते. ही ओळख चुकीची नाही, पण फार अपुरी आहे. या विचाराच्या मुळाशी ईश्वराचे सार्वभौमत्व आहे आणि ते चर्चच्या भिंतींपाशी थांबत नाही. शेत, पेढी, शाळा, न्यायालय, चित्रकाराची खोली, वर्तमानपत्राची कचेरी आणि संसद या सगळ्यांवर ईश्वराचा सारखाच हक्क आहे, असे कॅल्विनवादी मानतात. या अर्थाने ती समग्र जीवनदृष्टी आहे. तिची सर्वांत सुसूत्र मांडणी आब्राहाम काइपर (१८३७–१९२०) या डच पाळकाने केली. तोच पुढे संपादक आणि पंतप्रधान झाला. जीवनदृष्टी ग्रंथांतून समजते. तिने माणसांचे जगणे खरोखर किती व्यापले, हे मात्र गावे, शाळा आणि तिथला रविवार पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून मी जिनिव्हापासून सुरुवात केली आणि नेदरलँड्समधल्या उत्रेख्त, डॉर्ड्रेख्त, बेस्द, ॲमस्टरडॅम, हेग या मार्गाने स्टाप्होर्स्टपर्यंत गेलो. पुढचे वर्णन त्याच क्रमाने आहे.

जिनिव्हाच्या बास्तियाँ उद्यानात जुन्या तटबंदीला लागून सुमारे शंभर मीटर लांबीची धर्मसुधारणेची भिंत आहे. कॅल्विनच्या चारशेव्या जयंतीला, १९०९ साली, तिचे काम सुरू झाले आणि १९१७ मध्ये पुरे झाले. मधोमध फारेल, कॅल्विन, बेझ आणि नॉक्स या धर्मसुधारकांचे सुमारे पाच मीटर उंचीचे पुतळे आहेत. चौघांच्याही अंगात लांब झगे आहेत आणि चेहरे कठोर आहेत. कॅल्विनला हे स्मारक रुचले नसते. त्याच्या इच्छेप्रमाणे १५६४ मध्ये प्लँपालेच्या दफनभूमीत त्याला कसलीही खूण न ठेवता पुरण्यात आले होते. आज तिथे जी कबर दाखवतात ती नंतरच्या पिढ्यांनी नेमून दिलेली जागा आहे.

टेकडीवरचे सँ पिएर हे चर्च कॅल्विनच्या प्रवचनांचे ठिकाण. बाराव्या-तेराव्या शतकांतल्या या वास्तूतून धर्मसुधारणेच्या काळात मूर्ती, वेदी आणि रंग काढून टाकण्यात आले. उरला तो करडा दगड, उंच कमानी आणि प्रवचनाचा मंच. डोळ्यांना दुसरे काही मिळू नये आणि कानांवर शब्द पडावा, अशीच ही रचना आहे. शेजारच्या लहान सभागृहात कॅल्विन बायबलवर व्याख्याने देई. परागंदा झालेला स्कॉटिश जॉन नॉक्स इंग्रजी बोलणाऱ्या निर्वासितांसाठी तिथेच उपासना चालवी.

कॅल्विन मुळात कायद्याचा विद्यार्थी होता, आणि हे त्याच्या कामात पदोपदी जाणवते. ‘ख्रिस्ती धर्माची संस्था’ हा त्याचा ग्रंथ पहिल्यांदा १५३६ मध्ये बाझेलला छापला गेला. त्याच वर्षी वाटेतला मुक्काम म्हणून तो जिनिव्हाला उतरला आणि फारेलच्या आग्रहामुळे तिथेच राहिला. दोन वर्षांत नगरसभेने त्याला हद्दपार केले. १५४१ मध्ये तो स्ट्रासबर्गहून परतला तो चर्चच्या कारभाराचा मसुदा डोक्यात घेऊनच. त्यात चार पदे होती: प्रवचन करणारे पाळक, शिकवणारे आचार्य, वर्तनावर लक्ष ठेवणारे वडील आणि गरिबांची व आजाऱ्यांची काळजी घेणारे सेवक. बिशप नाही, पोप नाही. मंडळीचा कारभार अनेकांनी मिळून, चर्चा करून आणि लेखी नियमांनी चालवायचा.

पाळक आणि वडील यांची सभा दर गुरुवारी भरे. नाचणारे, जुगारी, शिव्या देणारे आणि प्रवचन चुकवणारे यांना तिच्यापुढे बोलावणे येई. बायकोला मारणारा नवरा आणि गिऱ्हाइकाला फसवणारा व्यापारी यांनाही तिथे उभे राहावे लागे. घराच्या उंबरठ्याच्या आत डोकावणारी ही सत्ता आज गुदमरवणारी वाटते, आणि ती तशी होतीच. तिच्या दप्तरातल्या प्रकरणांत मोडकी लग्ने जुळवण्याचे आणि भांडणे मिटवण्याचे प्रयत्नही भरपूर आहेत, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. सेवकांच्या कामाची जागा होती शहराचे सार्वजनिक रुग्णालय. बूर्ग-द-फूर चौकातल्या त्या जागी आता न्यायालय आहे. फ्रान्समधून जीव वाचवून येणाऱ्यांसाठी वेगळा निधी होता. धर्म आणि दानधर्म यांची फारकत या शहरात मान्य नव्हती. व्याजाबद्दलही कॅल्विनने मध्ययुगीन चर्चपेक्षा वेगळी भूमिका घेतली. व्यापारासाठी दिलेल्या पैशावर मर्यादित व्याज घेणे हे पाप नाही, पण गरजूकडून व्याज घेणे पाप आहे, असे त्याचे म्हणणे होते.

शांपेल भागात, आजच्या मोठ्या रुग्णालयाजवळ, एक ओबडधोबड शिळा उभी आहे. मिकेल सेर्व्हेत या स्पॅनिश वैद्याने त्रैक्याचा सिद्धान्त नाकारला म्हणून २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याला याच परिसरात जिवंत जाळण्यात आले. खटल्यात कॅल्विनने पुढाकार घेतला होता. साडेतीनशे वर्षांनी, १९०३ मध्ये, कॅल्विनच्याच अनुयायांनी प्रायश्चित्त म्हणून ही शिळा उभारली. सर्व जीवनावर हक्क सांगणारी श्रद्धा तलवार धरणाऱ्या हातात गेली की काय होते, ते इथे दगडावर कोरलेले आहे. जिनिव्हाला जाणाऱ्याने उद्यानातली भिंत पाहिली आणि ही शिळा पाहिली नाही, तर त्याने अर्धेच शहर पाहिले.

जिनिव्हाच्या घड्याळांचाही या इतिहासाशी संबंध आहे. दागदागिन्यांवर निर्बंध आल्यावर सोनार घड्याळांच्या कामाकडे वळले, असे तिथे सांगतात. फ्रान्समधून आलेल्या निर्वासित कारागिरांनी ते कसब वाढवले आणि १६०१ मध्ये घड्याळजींचा संघ स्थापन झाला. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४–०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांचा सांधा जुळवला. आपली निवड झाली आहे की नाही या धास्तीने कॅल्विनवादी माणूस अखंड काम करतो, उधळपट्टी टाळतो आणि त्यातून भांडवल साठते, हा त्याचा युक्तिवाद. वेबरने एकट्या माणसाचे मन अचूक टिपले आहे. पण रुग्णालय, निधी, सभा आणि शाळा यांची जी सामुदायिक बांधणी जिनिव्हात दिसते, तिला त्याच्या मांडणीत पुरेशी जागा मिळालेली नाही, असे मला वाटते.

१५५९ मध्ये कॅल्विनने अकादमी काढली. आजचे जिनिव्हा विद्यापीठ तिच्यातूनच वाढले. इथे शिकलेले पाळक फ्रान्स, नेदरलँड्स आणि इतर देशांत गेले. नॉक्सच्या स्कॉटलंडने १५६० मध्ये प्रत्येक मंडळीला शाळा जोडण्याचा आराखडा आखला, कारण बायबल प्रत्येकाला वाचता आले पाहिजे. याच स्कॉटिश प्रवाहातून जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. विल्सन कॉलेज त्यांच्या नावाने चालते. जोतीराव फुले पुण्यात ज्या शाळेत शिकले ती स्कॉटिश मिशनचीच होती. कोल्हापूरचे मिशन आणि मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय हे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे काम. पाळक आणि वडील यांनी मिळून मंडळी चालवण्याची तिथली पद्धत थेट १५४१ च्या जिनिव्हापर्यंत पोचते.

नेदरलँड्समध्ये कॅल्विनवाद बंडाबरोबर आला. १५६६ मध्ये जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. पाठोपाठ स्पेनच्या राजाविरुद्ध प्रदीर्घ युद्ध सुरू झाले. उत्रेख्तच्या डोम चर्चमध्ये त्या काळाची खूण अजून आहे. एका उपासनागृहातल्या कोरीव दगडी पटावरच्या सगळ्या आकृतींचे चेहरे छिनून टाकलेले आहेत. वस्त्रांच्या चुण्या, हात, पार्श्वभूमी, सारे तसेच आहे. हा पट भिंतीआड झाकला गेला होता आणि १९१९ मध्ये पुन्हा सापडला. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर मन विषण्ण होते. श्रद्धेच्या आवेशात एका अनामिक कारागिराची सगळी मेहनत पुसली गेली आहे.

काइपरने मात्र कलेच्या बाबतीत उलट बाजू मांडली. चर्चने कलेला आश्रय देणे थांबवले म्हणून ती मेली नाही, चर्चच्या सेवेतून सुटून स्वतःच्या पायांवर उभी राहिली, असे त्याचे म्हणणे होते. संतांऐवजी दूध ओतणारी मोलकरीण, पत्र वाचणारी बाई, गोठलेल्या कालव्यावर घसरणारी मुले ही चित्रांचा विषय झाली, कारण साधा माणूसही ईश्वराच्या नजरेत महत्त्वाचा ठरला. सतराव्या शतकातल्या डच चित्रकलेचे हे स्पष्टीकरण पुरते पटत नाही. श्रीमंत शहरी गिऱ्हाईक हे तिचे तितकेच मोठे कारण आहे. तरी पीटर सानरेदामने (१५९७–१६६५) रंगवलेली पांढऱ्या चर्चची अंतर्दृश्ये पाहताना काइपर काय म्हणत होता ते उमगते. चुन्याच्या भिंतीवर पडलेला उजेड, एवढाच त्या चित्रांचा विषय, आणि तो पुरतो.

डॉर्ड्रेख्त हे नद्यांनी वेढलेले गाव. इथे १६१८ च्या नोव्हेंबरपासून १६१९ च्या मेपर्यंत कॅल्विनवादी चर्चची आंतरराष्ट्रीय धर्मसभा चालली. इंग्लंड, जिनिव्हा आणि जर्मन राज्यांतूनही प्रतिनिधी आले होते. आर्मिनियस या धर्मचिंतकाचे अनुयायी माणसाच्या इच्छेला तारणात थोडा वाव देऊ पाहत होते. सभेने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि कृपा सर्वस्वी ईश्वराची, निवडही त्याचीच, असे ठरवणारे नियम संमत केले. विरोधी पाळकांना पदे सोडावी लागली. त्यांची बाजू घेणारा वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा त्याच मे महिन्यात हेगमध्ये शिरच्छेद झाला. वादाला राजकारणाची धार होतीच. सभा भरली ती इमारत एकोणिसाव्या शतकात पाडली गेली, त्यामुळे पाहायला उरले आहे ते कललेल्या मनोऱ्याचे मोठे चर्च. सभेचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे तिने हाती घेतलेले बायबलचे डच भाषांतर. ते १६३७ मध्ये छापले गेले आणि घरोघरी जेवणानंतर मोठ्याने वाचले जाऊ लागले. डच गद्याला त्याने वळण लावले.

याच डच प्रजासत्ताकाची जहाजे त्या शतकात कोकणातही आली. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष अजून उभे आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर आजाऱ्यांना धीर देणारे आणि प्रार्थना म्हणवून घेणारे धर्मसेवक असत. पण १६२१ मध्ये कंपनीच्या यान पीटरसोन कून याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरचे लोक मारले आणि उरलेल्यांना गुलाम करून नेले, तेव्हा त्याला आवर घालायला ही श्रद्धा पुढे आली नाही. शिवी देणाऱ्याला जाब विचारणारी व्यवस्था मसाल्याच्या नफ्यापुढे गप्प बसली. समग्र जीवनदृष्टीचे मोजमाप करताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

लिंगे नदीकाठचे बेस्द हे लहानसे खेडे आहे. लायडनमध्ये उदारमतवादी धर्मशास्त्र शिकलेला तरुण काइपर १८६३ मध्ये इथे पाळक म्हणून आला. मंडळीत काही साधी माणसे नाराज होती. पीट्ये बाल्टुस ही गिरणीवाल्याची अविवाहित मुलगी त्यांच्यातली. नव्या पाळकाच्या शिकवणीत खरी श्रद्धा नाही, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. काइपर चिडला नाही. तो त्यांच्याकडे जात राहिला, ऐकत राहिला आणि जुन्या कॅल्विनवादाकडे वळला. विद्यापीठात न मिळालेली एकसंध दृष्टी या कमी शिकलेल्या माणसांपाशी आहे, हे त्याने आयुष्यभर मान्य केले. पुढे त्याने ज्यांच्या बळावर राजकारण केले ते हेच लोक: शेतकरी, कोळी, दुकानदार, सुतार. बेस्दमध्ये पाहण्यासारखे फारसे काही नाही, पण मला या प्रवासातले सगळ्यांत महत्त्वाचे गाव हेच वाटते. इथे शिकलेल्या माणसाने न शिकलेल्यांकडून शिकण्याचा मोठेपणा दाखवला.

ॲमस्टरडॅमला काइपर १८७० मध्ये आला. १ एप्रिल १८७२ रोजी त्याने ‘द स्टांडार्ड’ हे दैनिक सुरू केले. स्पेनविरुद्धच्या बंडखोरांनी ब्रील हे गाव जिंकल्याला त्या दिवशी तीनशे वर्षे झाली होती. १८७४ मध्ये तो संसदेत गेला. तेव्हाचा कळीचा प्रश्न होता शाळांचा. सरकारी शाळा सर्वांच्या करातून चालत. ज्यांना आपल्या मुलांना ख्रिस्ती शिक्षण द्यायचे होते त्यांना कर भरून वर शाळेचा सगळा खर्चही उचलावा लागे. १८७८ च्या कायद्याने इमारती आणि शिक्षक यांविषयीच्या अटी कडक केल्या आणि गरीब पालकांच्या शाळा बंद पडण्याची वेळ आली. कायद्यावर सही करू नये अशी विनंती करणाऱ्या अर्जावर तीन लाखांहून अधिक प्रॉटेस्टंटांनी सह्या केल्या. मतदानाचा हक्क असलेल्यांची संख्या तेव्हा याहून बरीच कमी होती. राजाने सही केलीच, पण चळवळ उभी राहिली. १८७९ मध्ये काइपरने ‘क्रांतिविरोधी पक्ष’ संघटित केला. नेदरलँड्समधला हा पहिला आधुनिक जनपक्ष. फ्रेंच राज्यक्रांतीने ईश्वराच्या जागी माणसाची इच्छा बसवली, त्या तत्त्वाला विरोध, असा नावामागचा अर्थ. हा विचार त्याने इतिहासकार ग्रून फान प्रिन्स्टरर याच्याकडून घेतला होता.

दाम चौकातल्या न्यूवे केर्क या चर्चमध्ये डच राजांचा राज्यारोहण समारंभ होतो. तिथेच २० ऑक्टोबर १८८० रोजी काइपरने ‘फ्रेये युनिव्हर्सिटाइट’चे उद्घाटन केले. विद्यापीठ मुक्त, म्हणजे सरकार आणि चर्च या दोहोंच्या ताब्याबाहेर. पाच प्राध्यापक आणि मूठभर विद्यार्थी एवढ्यावर ते सुरू झाले. उद्घाटनाच्या भाषणात त्याने आपला गाभ्याचा विचार मांडला: प्रत्येक क्षेत्राला त्याच्या वर्तुळात सार्वभौमत्व आहे.

हा विचार नीट समजून घ्यावा लागतो. कुटुंब, शाळा, विज्ञान, व्यापार, कला, चर्च आणि राज्य ही जीवनाची वेगवेगळी क्षेत्रे आहेत. प्रत्येकाला अधिकार ईश्वराकडून थेट मिळतो; राज्याने तो दिलेला नसतो आणि चर्चनेही नाही. म्हणून राज्याने प्रयोगशाळेत काय शोधावे हे सांगू नये, चर्चने कायदे करू नयेत, मालकाने मजुराच्या घरात लुडबुड करू नये. राज्याचे काम क्षेत्रांमधली भांडणे सोडवणे, प्रत्येक क्षेत्रातल्या दुबळ्याला बलवानापासून वाचवणे आणि सर्वांच्या सामायिक गरजांसाठी सर्वांकडून वाटा घेणे. ईश्वर सगळीकडे सार्वभौम आहे, म्हणूनच पृथ्वीवर कोणी एक सर्वत्र सार्वभौम असू शकत नाही, हा या युक्तिवादाचा कणा. सेर्व्हेतला जाळणाऱ्या शहरातून निघालेली परंपरा इथे स्वतःलाच दुरुस्त करते. काइपरने सेर्व्हेतच्या दहनाचा स्पष्ट निषेध केला होता.

या विचाराला त्याने आणखी दोन आधार दिले. एक, सामान्य कृपा: तारणाची कृपा निवडलेल्यांपुरती असली तरी बुद्धी, न्याय, सौंदर्य आणि सद्गुण ही ईश्वराची देणगी श्रद्धाहीनांनाही मिळते, म्हणून त्यांचे विज्ञान आणि कला यांचा आदर करायचा. दुसरा, विरोध: श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्यातली फूट विचाराच्या मुळापर्यंत जाते, म्हणून आपल्या संस्था वेगळ्या उभारायच्या. दोन्ही आधार एकमेकांना ओढतात, आणि काइपरचे सारे आयुष्य त्या ओढाताणीत गेले. १८९८ मध्ये त्याने अमेरिकेत प्रिन्स्टन येथे सहा व्याख्याने दिली: जीवनपद्धती म्हणून कॅल्विनवाद, मग धर्म, राजकारण, विज्ञान, कला आणि शेवटी भविष्य. जीवनदृष्टी हा विषय इंग्रजी वाचकांपुढे आणण्यात या व्याख्यानांचा मोठा वाटा आहे. त्यांतच मानववंशांची उतरंड मांडणारे परिच्छेदही आहेत, आणि ते वाचताना वेदना होतात.

विद्यापीठाचा खर्च लोकवर्गणीतून चाले. विसाव्या शतकात घरोघरी हिरवे पत्र्याचे डबे ठेवलेले असत. गृहिणी त्यांत नाणी टाकत आणि स्वयंसेविका ती गोळा करत. ज्यांची मुले विद्यापीठाची पायरी चढण्याची शक्यता नव्हती अशा घरांनी ते विद्यापीठ पोसले. आजचे त्याचे आवार शहराच्या दक्षिण भागात आहे, उंच इमारतींचे, आणि सर्व धर्मांचे विद्यार्थी तिथे शिकतात.

एका आयुष्याचा विचार केला तर या व्यवस्थेची व्याप्ती लक्षात येते. १९३० च्या सुमारास कॅल्विनवादी घरात जन्मलेले मूल ख्रिस्ती शाळेत जाई, घरी ‘द स्टांडार्ड’ वाचे, एनसीआरव्ही हे ख्रिस्ती नभोवाणी केंद्र ऐके, ख्रिस्ती कामगार संघटनेत जाई, क्रांतिविरोधी पक्षाला मत देई आणि आपल्याच मंडळीत लग्न करी. कॅथलिकांनी आणि समाजवाद्यांनीही संस्थांच्या अशाच रांगा उभ्या केल्या. समाजाचे हे उभे खांब एकमेकांना क्वचितच शिवत. वर फक्त नेते भेटत आणि तडजोड करत. देश शांततेने चालला, पण शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला.

या विचाराचा सर्वांत भयंकर उपयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. वेगळी क्षेत्रे ही कल्पना तिथल्या काही आफ्रिकानेर विचारवंतांनी वेगळे वंश अशी फिरवली आणि वंशभेदाच्या राजवटीला धर्माचा आधार दिला. पण तिथलीच कॅल्विनवादी मंडळी त्याविरुद्ध उभीही राहिली. नेदरलँड्समधल्या काम्पेन येथे शिकलेले आलन बुसाक यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये जागतिक कॅल्विनवादी चर्चसंघाने ओटावाच्या अधिवेशनात वंशभेदाचे समर्थन हे पाखंड ठरवले. त्याच वर्षी केपटाऊनजवळच्या बेल्हार येथे ऐक्य, समेट आणि न्याय यांची कबुली देणारा नवा श्रद्धालेख तयार झाला. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठाने १९६५ मध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांना मानद डॉक्टरेट दिली होती.

काइपर १९०१ ते १९०५ या काळात पंतप्रधान होता. हेगमध्ये संसदेच्या प्रांगणात फिरताना त्याच्या कारकिर्दीचे दोन्ही चेहरे आठवतात. १८९१ च्या ख्रिस्ती सामाजिक परिषदेत त्याने गरिबी हे दैव नसून समाजाच्या रचनेतला दोष आहे असे ठासून सांगितले होते. १९०३ मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, तेव्हा मात्र त्याच्याच सरकारने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संपावर बंदी घालणारा कायदा केला. समाजवादी व्यंगचित्रकार आल्बर्ट हान याने त्याला मग सोडले नाही. दुबळ्याचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य सांगणाऱ्या माणसाने त्या वर्षी आपलेच तत्त्व मोडले, असाच निवाडा करावा लागतो. त्याची कबर हेगच्या आउड आइक एन डाउनन दफनभूमीत आहे.

शाळांचा लढा १९१७ मध्ये संपला. घटनादुरुस्तीने सरकारी आणि खासगी शाळांना सारख्याच सार्वजनिक निधीचा हक्क मिळाला, आणि त्याच वेळी सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला. राज्यघटनेचे हे कलम २३ आजही लागू आहे. देशातल्या प्राथमिक शाळांपैकी सुमारे दोन तृतीयांश शाळा खासगी मंडळांच्या आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या आहेत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सुरिनामहून आलेल्या हिंदू कुटुंबांनी याच कलमाचा आधार घेऊन हेगमध्ये हिंदू शाळा काढल्या. त्यांचे पूर्वज प्रामुख्याने उत्तर प्रदेश आणि बिहार या भागांतून मजूर म्हणून गेले होते. मुस्लिम शाळाही अशाच निघाल्या. गिरणीवाल्याच्या मुलीच्या मंडळींनी आपल्यासाठी मागितलेला हक्क आज दिवाळी साजरी करणाऱ्या मुलांच्या वाट्याला आला आहे. या जीवनदृष्टीने जगाला दिलेली सगळ्यांत न्याय्य गोष्ट कोणती असे विचारले, तर मी याच कलमाकडे बोट दाखवीन.

झीलंडपासून ओव्हरआइसेलपर्यंत तिरक्या पट्ट्यात अजूनही कडव्या कॅल्विनवाद्यांची वस्ती आहे. झ्वोल्ले आणि मेप्पेल यांच्यामधले स्टाप्होर्स्ट हे त्यातले सर्वांत परिचित गाव. हिरव्या रंगाची दारे-खिडक्या, छपराखाली लांबलचक पसरलेली शेतकऱ्यांची घरे, आणि काही वयस्कर स्त्रियांच्या अंगावर काळा-निळा पारंपरिक पोशाख, त्यावर ठिपक्यांची नक्षी. रविवारी दुकाने बंद असतात. माणसे दोनदा उपासनेला जातात. या समाजाच्या दैनिकाचे संकेतस्थळही रविवारी बंद ठेवले जाते. काइपरच्या मार्गाने हे लोक गेले नाहीत. जग बदलण्यापेक्षा जगापासून वेगळे राहणे त्यांना पसंत आहे. त्यांचा पक्ष १९१८ मध्ये स्थापन झाला. स्त्रियांना उमेदवारी देण्यास तो नकार देत होता, आणि न्यायालयांच्या निकालांनंतर २०१३ मध्ये त्याने हा नियम मागे घेतला.

आजार आणि आरोग्य ईश्वराच्या हाती आहे, लस घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे यांतले काही लोक मानतात. १९७१ मध्ये स्टाप्होर्स्टमध्ये पोलिओची साथ आली आणि मुले दगावली. १९७८ आणि १९९२–९३ मध्ये याच पट्ट्यात पुन्हा साथी आल्या. लसीच्या सक्तीला काइपरच्या पक्षाचाही विरोध होता. शरीर आणि सद्सद्विवेक यांच्यावर राज्याचा ताबा नको, हे त्याचे कारण. पण दुबळ्याचे रक्षण करणे हे राज्याचे काम आहे असे काइपरनेच म्हटले होते, आणि लहान मुलाहून दुबळे कोण असणार? याच गावातल्या माणसांनी आजाऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि जळालेल्या घरांसाठी आपसांत जी मदत उभी केलेली असते, ती पाहिली म्हणजे त्यांना केवळ मागासलेले म्हणून सोडून देता येत नाही.

काइपरने उभारलेले खांब आता बहुतेक पडले आहेत. ‘द स्टांडार्ड’ दुसऱ्या महायुद्धात बंद झाला. क्रांतिविरोधी पक्ष १९८० मध्ये कॅथलिकांसह ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला. काइपरने काढलेले वेगळे चर्च २००४ मध्ये, ज्या जुन्या चर्चमधून ते फुटले होते त्याच्याशी पुन्हा एक झाले. ज्याला या जीवनदृष्टीचे जिवंत रूप पाहायचे आहे त्याने हेगमधल्या एखाद्या शाळेचे दार सकाळी पाहावे आणि मग एक रविवार स्टाप्होर्स्टच्या रस्त्यावर काढावा. तिथे गेल्यावर मोटार गावाबाहेर ठेवून चालत जावे, आणि उपासनेला निघालेल्या माणसांचे फोटो काढू नयेत. त्यांना ते आवडत नाही.